ओंजळीनं पिणारा कुत्रा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माहेरी शहापूरकडे म्हणायचे. सासरी मुरबाडकडे आले तरी कोणी वेगळं म्हणालं नाही. आयुष्यात पुष्कळ राग आले आणि चूल विझायच्या आत निवलेही. एक मात्र अजून निवला नाही. तो एका कुत्र्यापायी आला होता आणि त्याला कारण आमच्याच घरचं होतं.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. आमचं घर म्हसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या टोकाशी. घरात सासू, सासरे, मी आणि माझा पाच महिन्यांचा मुलगा. घरधनी कल्याणला एका गोदामात कामाला, महिन्यातून एकदा यायचे. त्या हिवाळ्यात बिबट्यानं आधी आमचा जुना कुत्रा उचलला आणि मग म्हशाची जत्रा उठायच्या आत दोन शेळ्या नेल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हट्टालाच पेटले की आता घराला खंदा कुत्रा हवा.

डोंगरातल्या पाड्यावरचा एक म्हातारा आमच्याकडे भात कापायला, झोडायला यायचा. त्याची जात मी लिहीत नाही. आमच्या घराची लिहिली नाही, मग त्याचीच कशाला लिहू? त्याच्या मागोमाग त्याचा कुत्रा यायचा, तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला. त्यानं पाड्यावरून बिबट्या हाकलला होता, ही गोष्ट आसपासच्या सगळ्या गावांत झाली होती. मामंजींनी तो कुत्रा मागितला. मागितला असं आपलं म्हणायचं. ज्याच्या खळ्यावर वर्षातले दोन महिने पोट भरतं, तो ‘कुत्रा देतोस काय रे’ म्हणाला तर त्याला ‘नाय’ म्हणायची सोय नव्हती. म्हाताऱ्यानं मान हलवली. मामंजींनी त्याला एक जुनी घोंगडी दिली आणि आपण केवढं मोठं मन दाखवलं ते चार जणांना सांगितलं.

होळी झाल्यावर म्हातारा कुत्रा घेऊन आला. बायको आदल्या वर्षी गेलेली, पाड्यावरच्या झोपडीत तो आणि हा कुत्रा एवढीच दोघं राहत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. गोठ्याजवळच्या आंब्याला त्यानं स्वतःच कुत्रा बांधला, पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता निघून गेला. कुत्रा भुंकला नाही, रडला नाही. म्हातारा गेला त्या वाटेकडे तोंड करून बसून राहिला.

सासूबाईंना मी आत्याबाय म्हणायची. नव्या जनावराला घर लागावं म्हणून जे जे करतात ते सगळं त्यांनी केलं. चुलीतली राख त्याच्या कपाळाला लावली. भाताच्या काडीनं त्याचं शेपूट मापलं आणि ती काडी अंगणाच्या कडेला पुरली, म्हणजे जनावर पळून जात नाही. मामंजींनी त्याला नवं नाव ठेवलं. जुनं नाव काय होतं ते विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. नव्या नावानं हाक मारली की तो हलायचा नाही, आणि मामंजी म्हणायचे, भयरा दिसतो.

पहिल्या दिवशी त्यानं भाकरी नुसती हुंगली. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी खाल्ली. पाण्याला मात्र तोंड लावलं नाही. मी फुटक्या मडक्याच्या खापरीत पाणी भरून त्याच्यापुढे ठेवलं, तर तो अंग चोरून आंब्याच्या बुंध्याला चिकटला आणि शेपूट पोटाखाली घातलं. खापरी आणखी जवळ सरकवली तर थरथर कापायला लागला. तांब्या हातात घेऊन गेले तर माझ्या हाताकडे बघायचा आणि दावं ताणून मागे जायचा. उन्हं तापलेली. दुपारपर्यंत त्याच्या तोंडाला फेस आला.

‘पाण्याला भितो तो,’ आत्याबाय म्हणाल्या आणि चार पावलं मागे झाल्या.

आदल्या वर्षी शेजारच्या गावात एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून मेला होता. शेवटी त्याला तांब्या दाखवला तरी तो किंचाळायचा, असं सांगत होते. तेव्हा भीती खोटी नव्हती, हे मी कबूल करते. भीती मलाही वाटत होती. पण भीती वाटली म्हणून डोकं गहाण टाकायचं असतं काय? पिसाळलेलं कुत्रं भाकरी खात नाही. हा खात होता. मी तसं म्हटलं, तर आत्याबाय म्हणाल्या, ‘तू काय कुत्र्यांची वैदीण लागून गेलीस?’

मामंजी संध्याकाळी शेतावरून आले. त्या काळी सासरे सुनेशी सरळ बोलत नसत. मी समोर उभी असले तरी ते आत्याबायना म्हणायचे, तिला सांग. ते कुत्र्यापासून लांब उभे राहिले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पिसाळलेलं कुत्रं गळ्यात मारलं म्हाताऱ्यानं. धडधाकट असतं तर दिलं असतं काय? येऊ दे आता खळ्यावर, बघतो त्याला. उद्या दुपारपत्तर वाट बघायची. पानी प्याला तर प्याला, नाय तर दोन मानसं आनून संपवायचा. घरात लहान पोर हाय.’

चोराच्या उलट्या बोंबा. दुसऱ्याचा कुत्रा आपण मागून आणायचा आणि वर त्यानंच फसवलं म्हणायचं. मी आत गेले आणि भाकऱ्या अशा थापल्या की आत्याबाय म्हणाल्या, हलू गो, परात फुटंल. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी त्याच्यापुढे पाणी खापरीतून ठेवून बघितलं, दगडाच्या डोणीतून ठेवून बघितलं, पळसाच्या पानावर ठेवून बघितलं. पान वाऱ्यानं उलटलं आणि पाणी मातीत गेलं, तेवढा ओला डाग त्यानं चाटला. म्हणजे तहान होती. मग प्यायचं का नाही, ते मला कळेना. आणि दुपार तर जवळ येत होती.

राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप जिथे करायचं त्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. आमच्या राबाला फांद्यांचे भारे वाहायला डोंगराकडच्या चार बाया येत होत्या. उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला त्या अंगणात पाणी प्यायला आल्या. अंगणात खालच्या अंगाला, शेणाच्या सड्याच्या पलीकडे, त्यांची बसायची जागा ठरलेली होती. एकेकीनं उकिडवं बसायचं, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची आणि घरच्या बाईनं उभं राहून वरून पाणी सोडायचं. तांब्या ओंजळीला लागता कामा नये. मी ओतत होते. रोज ओतत होते. विहिरीवरून त्या पाण्याचा एकेक हंडा मीच डोक्यावरून आणलेला, पण ते द्यायचं कसं हे माझ्या हातात नव्हतं. आणि खरं सांगू, मला त्यात वावगं काही वाटतही नव्हतं. हात उचलायचा, पाणी सोडायचं. आज राग येतो तो पहिल्यांदा या हाताचा येतो.

दुसऱ्या बाईला पाणी घालत होते तेव्हा मागे दावं करकरलं. वळून बघितलं तर कुत्रा उभा. दावं जेवढं पुरेल तेवढं ताणून पुढे आलेला, जीभ बाहेर, कुंई कुंई करतोय आणि शेपूट हलतंय. त्याचे डोळे बाईच्या ओंजळीवर होते. पाण्याला भिणारा कुत्रा पाण्याकडे ओढ घेत होता. बाया पिऊन, तोंड पुसून निघून गेल्या तरी तो त्यांच्या जागेकडेच बघत उभा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा भांड्यातून प्यालेलाच नाही. म्हातारा आमच्या अंगणात असाच ओंजळ धरून बसायचा आणि हा त्याच्या अंगाला चिकटून उभा असायचा, हे मी कितीदा बघितलं होतं. म्हातारा नेहमी दोन तांबे पाणी जास्त मागायचा. आत्याबाय म्हणायच्या, याच्या पोटात काय विहीर हाय काय. ते पाणी जात कुठे होतं ते आम्ही तिघांनीही कधी बघितलं नव्हतं.

मी तांब्या घेऊन कुत्र्याजवळ गेले. डाव्या हाताचा खोलगा केला आणि उजव्या हातानं पाणी ओतायला लागले. जमेना. एका तळव्यात पाणी राहतं किती? आणि तांब्या त्याच्या डोक्याशी आला की तो दचकून बुंध्याला जाऊन चिकटायचा. ओंजळ दोन हातांची हवी आणि तांब्या धरणारं माणूस वेगळं हवं. मी आत्याबायना हाक मारली.

‘आत्याबाय, मी बसते. तुमी माझ्या ओंजळीत पानी सोडा. कुत्रा पिईल.’

आधी त्यांना कळलंच नाही. कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी चोरीच करायला सांगते आहे. ‘तू कुठं बसनार?’

‘अंगनात. खाली.’

‘घरची सून ती. त्या बाया बसतात तशी बसनार? आन मी तुला वरनं पानी वाढू? रस्त्यावरनं मानसं जातात गो. उद्या गावात बोलतील, आमुक्याच्या घरात सुनेला ओंजळीनं पानी देतात. आन पोर अंगावर पितंय तुझं. कुत्र्यानं चावलं तर?’

चावण्याचं शेवटी आलं. आधी लोकांचं आलं. एवढंच माझ्या लक्षात राहिलं आणि माझं डोकं फिरलं. मामंजी वाडीतल्या दोन माणसांना बोलवायला गेले होते, ते केव्हाही आले असते. मी पदर खोचला, कुत्र्याच्या दाव्याच्या टप्प्यात जाऊन उकिडवी बसले आणि ओंजळ तोंडाशी धरली.

‘ऊठ,’ आत्याबाय म्हणाल्या.

मी हलले नाही. रस्त्यानं एक बैलगाडी चालली होती. गाडीवाल्यानं मान वळवून बघितलं. मागून दोन बाया पाटी घेऊन येत होत्या. मी उठत नाही आणि जितका वेळ बसेन तितकी माणसं जास्त बघणार, हा हिशेब आत्याबायना माझ्यापेक्षा लवकर कळला. तांब्या उचलून त्या तरातरा माझ्यापुढे आल्या. कुत्र्यावर दया आली म्हणून आल्या नाहीत, हे मी जाणून होते.

आणि त्यांनी वरून पाणी सोडलं. चांगलं हातभर उंचीवरून. सख्खी सून समोर बसलेली, तिला तांब्या लागला तर काही बाटणार नव्हतं. पण अंगणात खाली बसून जो ओंजळ धरतो त्याला पाणी कसं घालायचं, ते त्यांच्या हाताला एकाच तऱ्हेनं ठाऊक होतं. पाणी बोटांवर आपटलं, अर्धं माझ्या नाकात गेलं. मला ठसका लागला. चोळी भिजली, कोपरावरून ओघळ गेला. मान किती वाकवायची, श्वास कधी धरायचा, मला काही येईना. इतकी वर्षं पाणी घातलं आणि ते घेणाऱ्याला काय करावं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. मान खाली गेली की वरच्या माणसाचे फक्त पाय दिसतात.

मी ओंजळ खाली केली, तसा कुत्रा पुढे आला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. त्याच्या तोंडाचा फेस माझ्या मनगटाला लागला तेव्हा आत घरात पाळण्यात झोपलेलं पोर डोळ्यांपुढे आलं. मी डोळे मिटले. मग खरखरीत जीभ तळव्याला लागली. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. ओंजळ रिकामी झाली तरी तो तळवे चाटत राहिला.

‘घाला,’ मी म्हटलं.

आत्याबायनी घातलं. तांब्या संपला, कळशी आणली. पाचव्या ओंजळीला मामंजी दोन माणसांना घेऊन अंगणात आले. माणसांच्या हातात काठ्या होत्या. ते बघत उभे राहिले. कुत्रा पीत होता, काठ्यांकडे त्याचं लक्षही नव्हतं. मामंजी आत्याबायना म्हणाले, ‘तिला सांग, ऊठ म्हनावं. कसं दिसतं ते.’

कुत्र्याबद्दल एक शब्द नाही. मी उठले नाही. त्याचं पोट भरेपर्यंत बसले. काठीवाले हसत हसत परत गेले आणि मामंजी आठ दिवस माझ्या हातचं पाणी न घेता आत्याबायकडून घेत होते. त्यांना वाटलं ती मला शिक्षा आहे. माझं तेवढंच काम कमी झालं.

पण नुसतं एक दिवस पाजून कुत्रा घरचा होत नाही. मी जन्मभर त्याला ओंजळीनं पाजणार होते काय? आणि आत्याबाय रोज घालणार होत्या काय? भांड्यातून प्यायला शिकला नाही तर एखाद्या दिवशी मी माहेरी गेल्यावर पुन्हा काठ्या आल्या असत्या. म्हणून मी त्याला शिकवायला घेतलं. पहिले चार दिवस ओंजळीखाली एक जुनी, पोचे पडलेली परात ठेवली. सांडलेलं पाणी परातीत साठायचं. मग ओंजळ खाली खाली नेत परातीच्या काठावर टेकवली. त्या दिवशी तो पुन्हा मागे सरला आणि सकाळभर प्यालाच नाही. मी पण हटले नाही. संध्याकाळी परातीतल्या पाण्यात हात बुडवून बसले, त्यात ओंजळ धरली. त्यानं माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं, मागे कोणी उभं आहे का ते बघितलं. तीनदा वळून बघितलं. मग घाबरत घाबरत जीभ लावली. पुढे एक हात काढला, मग दुसरा. बोटं तेवढी पाण्यात ठेवली. होळी झाल्यावर आलेला कुत्रा गुढीपाडव्यानंतर कधीतरी एकटा जाऊन परातीतून प्याला. त्या दिवशी मी त्याला भाकरीला तूप लावून दिलं आणि आत्याबायची बोलणी खाल्ली.

त्यानंतर त्याचं दावं सोडलं. तो पळाला नाही. आत्याबाय म्हणाल्या, पुरलेल्या काडीचा गुण. तो दुपारी ओटीवर येऊन पडायला लागला, मामंजींच्या पायाशी. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, जनावर पारखून आनावं लागतं.

चैत्र संपता संपता एका दुपारी म्हातारा आला. कुत्र्याला बघायला आलो असं तो म्हणाला नाही. राबाचं काही काम हाय काय, असं विचारलं. कुत्र्यानं ओटीवरून उडी मारली आणि म्हाताऱ्याच्या अंगावर जाऊन असा आदळला की तो खाली बसला. त्याची मान, तोंड, कान सगळं चाटून काढलं. म्हातारा त्याच्या फाटक्या कानातून बोट फिरवत राहिला.

मी त्याला विचारलं, ‘बाबा, हा भांड्याला येवढा का भीत होता?’

‘पाड्यावर वढ्यालाच प्यायचा,’ तो म्हणाला. ‘गावात माझ्यासंगं येयाचा. कुनाच्या डोनीला, कुनाच्या भांड्याला तोंड लावलं का लोक धोंडा मारायचे. ह्यो कान तसाच फाटला. मंग मी त्याला शिकवला, कशाला तोंड लावायचं नाय. माझ्यातलं देत होतो.’

‘आता परातीतून पितो.’

‘खरं काय?’ म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात कुत्रा स्वतःच ओटीखालच्या परातीशी गेला आणि चपचप आवाज करत प्याला. म्हातारा बघत राहिला. ‘प्यायला शिकला,’ तो म्हणाला. ‘बरं झालं बाय. लागलं त्याला घर.’

त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. डोंगरावरून भर उन्हात आलेला म्हातारा, त्याच्या ओठांना कोरड पडलेली. तो उठला, सड्याच्या पलीकडे आपल्या जागेवर गेला, उकिडवा बसला आणि ओंजळ धरली. ओटीवरून आत्याबाय म्हणाल्या, ‘त्याला पानी दे गो.’

मी तांब्या भरून घेतला. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला माहीत होतं त्या जागेवर बसलं की काय होतं. त्या अंगणात घरच्या माणसांपैकी ते फक्त मलाच माहीत होतं. तांब्या त्याच्या हातात द्यायचा, एवढंच करायचं होतं. दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी सासूशी भांडले होते, सासऱ्यांचा राग ओढवून घेतला होता, गावाला तमाशा दाखवला होता. ओटीवर आत्याबाय बसल्या होत्या, दारात मामंजी उभे होते. आणि मी वरून पाणी सोडलं.

हात थोडा खाली आणला होता. त्याचं कौतुक मला कोणी सांगू नका. तांब्या दिला असता तर कोणी काही बोललं नसतं असंही झालं असतं, किंवा फार तर मामंजींनी आणखी आठ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. मला शिव्या द्यायच्या आहेत त्या आत्याबायना नाहीत, मामंजींना नाहीत. ती माणसं जशी होती तशीच होती. मला सगळं कळलं होतं.

म्हातारा प्याला. मान बरोबर वाकवून, श्वास बरोबर धरून. नाकात गेलं नाही, अंगावर सांडलं नाही. ‘बास बाय,’ म्हणाला, तोंड पुसलं आणि निघाला. कुत्रा त्याच्याबरोबर सड्यापर्यंत गेला, तिथे थांबला आणि परत ओटीवर येऊन पडला. मी तांब्या घरात नेऊन जागेवर ठेवला. तो विसळायचीही गरज नव्हती.